मुरमाड जमिनीची परसबाग

आपल्या वसतिगृहामागे आज जी परसबाग उभी आहे, तेथे पूर्वी इमारतीच्या पायातून निघालेला मुरूम पसरलेला होता. वरची माती खाली गाडली गेली होती आणि खालचा मुरूम वर आला होता. हे ध्यानात येण्यासाठी आम्हांला एक संपूर्ण हंगाम गमवावा लागला. मुलांनी वाफे खणले, मेथी आणि पालक पेरला. रोपे चार पानांवर आली आणि पिवळी पडली. पाणी वेळेवर दिले नाही, असे म्हणून मी मुलांना बोल लावला. वस्तुतः चूक माझी होती. ती कोणती, हे सांगणे आवश्यक वाटते. कारण आपल्या पालकांपैकी आणि माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या वाट्याला गायरानातली किंवा माळावरची अशीच हलकी जमीन आलेली आहे.

आधी मातीची ओळख करून घ्यावी. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घालून उरलेली बाटली पाण्याने भरावी, जोराने हलवावी आणि ठेवून द्यावी. खडे व वाळू मिनिटाभरात तळाशी बसतात, गाळाचे कण काही तासांत, तर चिकणमातीचे कण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवतात. आमच्या बाटलीतले जवळजवळ सारे क्षणात खाली बसले. अशा जमिनीत पाणी टिकत नाही आणि पाण्याबरोबर पिकाचे अन्नही वाहून जाते. काळ्या चिकण जमिनीचे दुखणे उलट. तिच्यात पाणी साचते, हवा खेळत नाही. तीत थोडी वाळू मिसळावी असे सर्रास सांगतात, पण त्याने ती बहुधा अधिकच घट्ट होते. दोन्ही जमिनींना उपाय एकच, तो म्हणजे कुजलेला सेंद्रिय पदार्थ. मुरमात तो ओल धरून ठेवतो, चिकणमातीत कणांचे रवे बांधून हवेला वाट करून देतो.

‘कुजलेला’ या शब्दावर भर द्यावयास हवा, कारण माझी चूक तेथेच झाली. ज्वारीची धसकटे, गव्हाचे काड आणि ताजे शेण मी थेट वाफ्यात गाडवले होते. काडात कर्ब विपुल असतो, नत्र अत्यल्प. ते कुजविणाऱ्या जीवाणूंना मात्र नत्र लागतेच. ते त्यांनी मातीतून ओढून घेतले आणि रोपे उपाशी राहिली. ताज्या शेणाबरोबर हुमणीही आली. शिवाय चुलीतली राख आम्ही उदारपणे टाकली होती. ज्या मातीत चुनखडी आहे तेथे राखेने सामू आणखी वाढतो. मग लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकले असता फेस आला, तर चुनखडी आहे असे समजावे आणि राख दूर ठेवावी.

कुजविण्याच्या शास्त्राचा इतिहास आपल्या परिसरापासून फार दूरचा नाही. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण व गोमूत्राची माती यांचे थर रचून, ढीग वेळोवेळी पलटून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली आणि 1931 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जगभर हॉवर्डांचे नाव झाले. मुखपृष्ठावरचे वाडांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

पण शेणासाठी गुरे हवीत, आणि भूमिहीनाच्या दारात ती कोठून असणार? या प्रश्नाला मला पटलेले उत्तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी दिले. त्यांच्या नाडेप पद्धतीत 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच असा विटांचा हौद बांधतात. हवेसाठी त्याच्या भिंतींत झरोके ठेवतात. सुमारे 1400 ते 1500 किलो पालापाचोळा, 1750 किलो चाळलेली कोरडी माती आणि शेण केवळ 90 ते 100 किलो, म्हणजे एका गाईचे काही दिवसांचे. थरांवर थर देऊन वरून शेणमातीने लिंपावे, ओल राखावी. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. यात ढीग पलटण्याचे श्रम नाहीत. तयार खताला दुर्गंधी नसते, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तो आल्याविना वाफ्यात घालू नये.

खत होईपर्यंत जमीन रिकामी ठेवण्याचे कारण नाही. पावसाच्या आरंभी धैंचा किंवा ताग दाट पेरावा आणि फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण 40 ते 45 दिवसांनी, कोवळा असतानाच गाडावा. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतील नत्र बांधतात, आणि हिरवा पाला काडापेक्षा लवकर कुजतो. त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबून भाजी लावावी. उन्हाळ्यात वाफ्यावर पाचोळ्याचे आच्छादन द्यावे. काड गाडणे घातक ठरते, पसरणे मात्र हितकारक, कारण वर राहिल्याने ते मातीतले नत्र फारसे ओढत नाही. पहिल्या वर्षी गवार आणि चवळी घ्यावी. वांगी, कोबी यांची भूक मोठी, त्यांना पुढच्या वर्षी जागा द्यावी.

आमच्या बागेचे हे तिसरे वर्ष. भोजनालयाच्या भिंतीलगतचा एक वाफा आम्ही मुद्दाम खत न घालता मूळ मुरमाचाच ठेवला आहे. दर जूनमध्ये नववीची मुले त्याची आणि शेजारच्या वाफ्याची माती दोन बाटल्यांत भरून खिडकीत ठेवतात. स्नेहमेळाव्यास येणाऱ्यांनी त्या अवश्य पाहाव्यात.