आपली सावली, आपला चेहरा

मे महिन्याची सुट्टी लागली की आपली कुटुंबे गावाकडे निघतात. कुणाकडे लग्न असते, कुणाकडे बारसे, कुणाची आजी अंथरुणावर असते. पूर्वी अशा प्रसंगी तालुक्याहून फोटोग्राफर आणावा लागे आणि रोलमधले ३६ फोटो कुणाकुणावर खर्च करायचे याचा हिशेब आधी घरात मांडला जाई. आज पोराटोरांच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आहे. फोटो शेकड्याने निघतात, पण जपून ठेवावेत असे दोन-चारच. उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते, हे बघण्याची सवय आपल्याला कुणी लावली नाही, हे त्याचे मोठे कारण आहे.

मे महिन्याचेच पाहा. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या घटकेला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. आणि नेमके याच दिवसांत, पंगत उठली की आपण सगळ्यांना अंगणात ओळीने उभे करतो! मग कपाळ तेवढे चकाकते, डोळ्यांच्या खोबणीत अंधार आणि नाकाखाली काळा डाग. तीच माणसे पडवीत, उन्हाच्या रेषेपासून दोन हात आत घ्या आणि तोंडे अंगणाकडे करा. अंगणातून परतून येणारा मऊ उजेड चेहऱ्यावर पडेल. त्याला एक पैसा लागत नाही.

घरात दिवा लावण्याची घाई करू नका. काचेच्या कौलातून येणारा उजेडाचा पट्टा, चुलीच्या धुरात दिसणारी तिरीप, हे सारे फोटोत येते. झाडाखालचे कवडसे कधी नीट पाहिलेत का? पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवरचा कवडसा गोल पडतो, कारण ते सूर्याचेच चित्र असते. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात महाराष्ट्रात हे कवडसे चंद्रकोरीसारखे पडले होते. ग्रहणात दारे लावून बसणाऱ्यांना ते दिसले नाहीत, त्याला इलाज नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमची मावशी महाड तालुक्यात राहते. कुणी फोन उचलला की तोंडावर पदर घेते. म्हणते, "माझा नको काढूस रे बाबा, मी काळीच येते." असे म्हणणारी आई, आत्या, आजी आपल्या प्रत्येक घरात आहे. त्यामुळे कित्येक घरांत आजोबांचा फोटो भिंतीवर असतो आणि आजीचा शोधावा लागतो. दोष त्यांच्या रंगात नाही, कॅमेऱ्याच्या हिशेबात आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगितलेले नसते.

हा हिशेब असा. समोरचे सारे दृश्य मिळून मध्यम करड्या रंगाचे आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारे आहे, असे कॅमेऱ्याचे मोजमाप धरून चालते. नागपूरला दीक्षाभूमीच्या पांढऱ्याशुभ्र घुमटासमोर कुटुंब उभे केले की कॅमेऱ्याला वाटते, उजेड फार झाला. तो सगळेच चित्र गडद करतो. घुमट करडा होतो आणि माणसांचे चेहरे काळेठिक्कर. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे, पांढऱ्या साड्यांच्या रांगेतही हेच घडते. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये सूर्याचे छोटे चिन्ह उमटते. ते चेहरा ओळखू येईपर्यंत हळूहळू वर सरकवा. मागचा घुमट थोडा जास्त पांढरा झाला तर होऊ द्या. घुमट तिथेच राहणार आहे, आजी राहणार नाही.

पण सगळा दोष या हिशेबाचाही नाही. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे आणि तिची कातडी बरोबर छापली गेली की रंग जुळले असे मानले जाई. या कार्डांना 'शर्ली कार्ड' असे नाव पडले होते. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. सावळ्या-काळ्या कातडीचे रंग खरे यावेत म्हणून गूगलने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात खास सुधारणा केली, तीही २०२१ साली. म्हणजे मावशीने पदर घेतला त्यामागे केवढा मोठा कारभार आहे पाहा.

आपल्याकडे त्यात स्टुडिओवाल्यांची भर. आमच्या नात्यातल्या एका लग्नाचा अल्बम आला तेव्हा नवरी इतकी गोरी करून टाकली होती, की तिच्या आत्याने विचारले, "ही कुणाची लेक?" सगळे हसले, नवरी हसली नाही. आज हेच काम फोन न विचारता करतो. चेहरा उजळ करणारी, सुरकुत्या पुसणारी सोय कॅमेऱ्यात असते, ती आधी बंद करा. उन्हात राबलेल्या माणसाच्या सुरकुत्या बाजूच्या उजेडात, खिडकीशेजारी बसवून काढाव्यात. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर सावली असा तो चेहरा बोलका येतो.

हे सावलीचे फोटो काढताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात पेशवाईतला नियम नोंदवला आहे. समोरून हिंदू येत असेल तर अस्पृश्याने सार्वजनिक रस्त्यावर यायचे नाही, कारण त्याच्या सावलीने विटाळ होई. म्हणजे आपल्या पणजोबांच्याही आधीच्या माणसांना, सावल्या लांब असतात अशा सकाळ-संध्याकाळी आपली सावली कुठवर पोहोचते याचा अंदाज घेत चालावे लागले. कॅमेऱ्यावाला जी वेळ उत्तम म्हणतो, तीच त्यांना सर्वांत धोक्याची. म्हणून मी पुतण्यांना सांगतो, संध्याकाळी पाचनंतर भर रस्त्यात उभे राहा आणि सावल्यांचा फोटो काढा, पूर्ण लांबीचा. ६ डिसेंबरला तर मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. साडेचारनंतर दादरच्या चौपाटीवर माणसाची सावली त्याच्या दुपटीहून लांब पडते. लाट मागे सरली की ओल्या वाळूत काही क्षण प्रतिबिंबही दिसते.

प्रतिबिंबासाठी तळेच हवे असे नाही. आत्याच्या मांडणीवरच्या घासलेल्या हंड्यात सगळे घर वाकडे होऊन दिसते. पावसाळ्यात एस.टी. स्टँडवरच्या डबक्याशी फोन उलटा, म्हणजे भिंग खाली येईल असा धरा. डबक्यात सबंध गाडी येते. रात्रीच्या प्रवासात आत दिवा आणि बाहेर अंधार असला की खिडकीची काच आरसा होते. झोपलेले लेकरू आणि त्याचे प्रतिबिंब एकाच चौकटीत मिळते. दिवसा बाहेरचे दृश्य हवे असेल तर भिंग काचेला टेकवा, आतली माणसे त्यात येणार नाहीत.

मावशीला मी महाडला चवदार तळ्यावर घेऊन गेलो, ते मार्चच्या अखेरीस, २० तारखेची गर्दी ओसरल्यावर. या दिवसांत सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो. आम्ही पश्चिमेच्या काठावर सकाळीच पोहोचलो, वारा सुटण्याआधी. फोटो तुझा नाही, पाण्याचा काढतो, असे सांगितल्यावर ती कठड्यापाशी उभी राहिली. तिच्याशेजारी सून आणि नात. पाण्यातले प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडे गडद येते, म्हणून उजेड जरा वाढवून घेतला. १९२७ साली ज्या पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली, त्यात तिघी दिसत होत्या. नातीने ओंजळ भरायला हात घातला आणि चित्र मोडले, पण तोवर दोन फोटो निघाले होते. एकात मावशीचा चेहरा नीट ओळखू येतो, पदराविना. तो तिने काचेत लावून मागितला आहे.