पूर्णा–अकोला लोहमार्गाची छायाचित्रे

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार या गावास रेल्वेस्थानक नाही; तथापि निजामाच्या अमलात १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आलेला, पुढे अकोल्यास जोडला गेलेला आणि २००८ मध्ये मीटरगेजचा ब्रॉडगेज झालेला लोहमार्ग, वसमतेस गाडीत बसून जो छायाचित्रकार डोळसपणे न्याहाळील, त्यास या मुलखाचे दफ्तरच उघडल्यासारखे वाटेल. स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर काळ्या अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. त्या क्रमाने टिपीत गेल्यास गोदावरीचे खोरे सोडून तापीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या मार्गाचा चढउतार निव्वळ चित्रांतून उलगडतो, आणि मला हाच संग्रह इंजिनांच्या चित्रांहून मोलाचा वाटतो. धावत्या गाडीतून पूल टिपताना शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा. चित्रासाठी रुळांवर मात्र उतरू नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ अन्वये तो गुन्हा आहे.