जिगसॉ पद्धत (सहकारी अध्ययन)

जिगसॉ पद्धत ही सहकारी अध्ययनाची एक वर्गपद्धती आहे. तुकड्या-तुकड्यांच्या चित्रकोड्यात एक तुकडा नसला तरी चित्र अपुरे राहते. त्याचप्रमाणे गटातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वाट्याचा भाग समजावून दिल्याखेरीज पाठ पूर्ण होत नाही. पद्धतीचे नावही त्या कोड्यावरूनच पडले. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन व त्यांचे विद्यार्थी यांनी १९७१ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे ती विकसित केली.

पार्श्वभूमी

कुर्ट लेविन यांनी समूहगतिकीच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांचे शिष्य मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये सहकार्य व स्पर्धा यांविषयीचा सिद्धान्त मांडला. एकाचे यश दुसऱ्याच्या यशाला पूरक असेल तर माणसे परस्परांना साहाय्य करतात. मारक असेल तर अडवतात, असा त्याचा मथितार्थ आहे.

ऑस्टिनच्या शाळांतील वर्णविभाजन दूर होताच श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुले एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. ॲरन्सन यांनी मारामाऱ्यांपेक्षा वर्गातील अध्यापनाकडे लक्ष दिले. शिक्षकाने प्रश्न विचारला की काही हात वर होत. एकाचे उत्तर चुकले की उरलेले हात अधिकच उत्साहाने उंचावत. (हे दृश्य केवळ अमेरिकेतील नव्हे.) अशा चढाओढीत इंग्रजी कच्चे असलेली मुले गप्प राहत. मुलांना केवळ शेजारी बसवून भागणार नव्हते. वर्गाची रचनाच बदलणे आवश्यक होते.

कार्यपद्धती

प्रारंभीच्या एका प्रयोगात वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांचे चरित्र सहा परिच्छेदांत विभागून सहा जणांच्या गटात प्रत्येकाला एकेक परिच्छेद देण्यात आला. निरनिराळ्या गटांतील एकच भाग मिळालेली मुले प्रथम एकत्र बसून त्याची उजळणी करतात. हा 'तज्ज्ञ गट' होय. नंतर ती मूळ गटात परतून आपला भाग इतरांना शिकवतात. शेवटी संपूर्ण पाठावर प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा होते.

घरी स्पॅनिश बोलणारा एक मुलगा आपला भाग सांगताना अडखळू लागला, तेव्हा सोबत्यांनी त्याची टवाळी केली. देखरेख करणाऱ्या साहाय्यकाने त्यांना रागे भरले नाही. टवाळीने पुलित्झरविषयी काहीच कळणार नाही आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे, एवढेच लक्षात आणून दिले. काही दिवसांतच मुले त्याला नेमके प्रश्न विचारून त्याच्याकडील माहिती काढून घेऊ लागली. तो मुळात हुशारच होता; हे सोबत्यांना उशिरा उमगले, इतकेच.

अडचणी

फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांना दोर ओढण्याच्या प्रयोगांत असे आढळले होते की, माणसे वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो. गटकार्यातही एकाने राबावे व इतरांनी नाव लावावे, असे घडते. जिगसॉत प्रत्येकाचा वाटा वेगळा असल्याने ही पळवाट बहुतांशी बंद होते. मात्र एक विद्यार्थी गैरहजर राहिला की त्याच्या गटाचा तो भागच उरत नाही. रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या 'जिगसॉ-२' या सुधारित रूपात सर्वच विद्यार्थी संपूर्ण पाठ वाचतात व नंतर एकेका विषयाचे तज्ज्ञ होतात. प्रत्येकाने पूर्वीच्या तुलनेत केलेल्या प्रगतीचे गुण गटाच्या खाती जमा होत असल्याने अभ्यासात मागे असलेले मूलही गटाला भार वाटत नाही.