तीन मिनिटांचा बर्फ

तपासणीत गर्भाशयाच्या मुखावर डाग निघाला असं कळलं, की घरात पहिला प्रश्न येतो कॅन्सरचा आणि दुसरा पिशवी काढण्याचा. खरं तर बहुतेक वेळा तो डाग कॅन्सर नसतो. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर मुखावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. त्यातून कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं जातात आणि पुष्कळ जणींना तो होतही नाही. मधल्या काळात नेमका तेवढाच भाग नष्ट करता येतो. त्याचा एक जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे क्रायोथेरपी, म्हणजे बदललेल्या पेशी गोठवून मारणं. त्यासाठी टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, दवाखान्यात मुक्काम नाही.

मात्र प्रत्येक डागाला ती चालत नाही. डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात (व्हिनेगरमध्ये असतं तेच) आणि मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरट उठून दिसतो. हा पांढरा भाग पूर्ण दिसायला हवा, तो मुखाच्या तीन चतुर्थांशाहून कमी हवा, आतल्या नळीत शिरलेला नसावा आणि उपकरणाच्या टोकाखाली मावायला हवा. कॅन्सरचा जरासा जरी संशय असला तरी गोठवायचं नाही, कारण गोठवलेला भाग नष्टच होतो, प्रयोगशाळेत पाठवायला काही उरत नाही. गर्भारपणात हा उपचार करत नाहीत. ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करतात.

उपचाराच्या दिवशी टेबलावर झोपल्यावर अंतर्गत तपासणीसारखंच सुरू होतं. स्पेक्युलम बसवतात, मुख पुसून घेतात आणि धातूचं गोल टोक त्यावर टेकवतात. सिलिंडरमधला नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वायू त्या टोकातून फुस्स आवाज करत फिरतो, टोक शून्याच्या खूप खाली जातं आणि मुखावर पांढऱ्या बर्फाचं कडं चढतं. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं वितळू द्यायचं, पुन्हा तीन मिनिटं गोठवायचं. पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होऊन त्यांची आवरणं फाटतात, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. दुसऱ्या फेरीत गारठा अधिक खोल पोचतो, म्हणून एकावर भागवत नाहीत. फ्रीजरमधल्या बर्फाच्या ट्रेला ओलं बोट चिकटतं तसं ते टोक मुखाला चिकटतं. ते ओढून काढायचं नसतं, आपोआप सुटेपर्यंत थांबायचं असतं. त्या वेळी टेबलावर दचकून हलू नये, हे बाईला आधीच सांगायला हवं.

दुखतं का? कापल्या-भाजल्याची वेदना मुखाला फारशी जाणवत नाही. जाणवतात त्या कळा, पाळीच्या पहिल्या दिवशी येतात तशा. कुणाला त्या किरकोळ वाटतात, कुणाला चांगल्याच. कुणाचा चेहरा गरम होतो, कुणाला उठताना भोवळ येते, म्हणून दहा-पंधरा मिनिटं पडून राहावं. कळांसाठी साधी वेदनाशामक गोळी पुरते. बहुतेक जणी त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातात.

बायका घाबरतात त्या नंतरच्या आठवड्यांत. मेलेला थर सुटून येतो, खाली नवी त्वचा तयार होते आणि तोवर अंगावरून पाणी जातं. थोडंथोडकं नाही, रोज पॅड लागेल इतकं. त्याला किंचित वास असतो, कधी ते गुलाबीसर असतं, कधी त्यात पातळ पापुद्रे असतात. हे महिनाभर, क्वचित त्याहूनही थोडं जास्त चालतं. आधी सांगितलेलं नसेल तर बाईला वाटतं, उपचार बिघडला. मग दुसरा दवाखाना, तिथे नवी भीती. घरी पाठवण्यापूर्वी हे सांगायला पाच मिनिटं पुरतात, आणि माझ्या मते ही पाच मिनिटं गोठवण्याइतकीच महत्त्वाची आहेत.

या काळात साधारण चार आठवडे शरीरसंबंध टाळायचा. योनीत टॅम्पॉन किंवा कप ठेवायचा नाही, आतून धुवायचं नाही. बाहेरून रोजची आंघोळ चालते. संबंध टाळण्याची सूचना बाईच्या हातात चिठ्ठी देऊन भागत नाही. किती घरांत ती चिठ्ठी नवऱ्यासमोर उघडता येते? शक्य तिथे त्याला बोलावून, बाईसमोर, सरळ भाषेत सांगावं, आणि पाळणं अशक्यच असेल तर निरोध अनिवार्य.

ताप, ओटीपोटात जोराचं दुखणं, पूसारखा घाण वासाचा स्राव, गाठी पडणं किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त जाणं, यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. असं क्वचित होतं. पुढच्या गरोदरपणात सहसा अडचण येत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. २००९मध्ये निष्कर्ष आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे होते. तामिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात तर तपासणी आणि क्रायोथेरपी दोन्ही प्रशिक्षित नर्सनीच केली, आणि तिथेही मृत्यू घटले.

आणि धाराशिवच्या शेजारच्या बीडमध्ये? २०१९मध्ये सरकारी समितीसमोर आलं, की ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या ८२ हजार बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या अनेकींच्या तक्रारी अंगावरून जाणं, पाळीचा त्रास अशा होत्या. कॅन्सर होईल ही भीती दाखवली गेल्याचंही अनेकींनी सांगितलं. सगळ्याच शस्त्रक्रिया विनाकारण होत्या असं म्हणता येणार नाही. पण गर्भाशयमुखावर डाग आहे एवढ्यावरून अख्खी पिशवी काढायची नसते.

आता क्रायोथेरपीची जागा हळूहळू थर्मल ॲब्लेशन घेत आहे. त्यात तापलेलं टोक मिनिटभराच्या आत तेच काम करतं. सिलिंडर वाहून न्यावे लागत नाहीत, ते संपतही नाहीत, आणि गावपातळीवर हा फरक फार मोठा आहे. डाग मोठा किंवा नळीत शिरलेला असेल तर विजेच्या तारेने तो भाग कापून काढतात, त्याचा तुकडा तपासायलाही मिळतो.

गोठवण्याने दहापैकी आठ-नऊ जणींचा डाग जातो. उरलेल्या शोधण्यासाठी वर्षाने पुन्हा तपासणी हवी, एचआयव्ही असलेल्या बायकांना तर ती चुकवून चालणारच नाही. केसपेपर जपून ठेवावा, पुढच्या डॉक्टरला आधी काय केलं ते कळायला हवं. आणि तारीख देणाऱ्याने दिनदर्शिका बघावी. ऊसतोडीच्या बाईला दिवाळीनंतरची तारीख दिली, तर त्या दिवशी ती फडावर असते, आणि परत येते ती उन्हाळ्यात.