प्रोसेसर घेण्याआधी बोर्डाचं नाव वाचा

इंटेलचा आय-सेव्हन ३७७० हा प्रोसेसर २०१२ साली आला आणि आय-थ्री १२१०० हा २०२२ साली. दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड. एकेका कोअरचं काम मोजलं, तर दहा वर्षांनी आलेला आय-थ्री त्या आय-सेव्हनच्या दीडपटीहून पुढे जातो. तरीही जुन्या कॉम्प्युटरचा सौदा ठरताना ‘आय-सेव्हन आहे’ एवढ्याच शब्दावर किंमत चढते, आणि ती बहुतेक वेळा एखादा कॉलेजचा मुलगा साठवलेल्या पैशांतून मोजतो. त्याचे पैसे वाचावेत म्हणून हा लेख.

उदगीरसारख्या गावात २०१२ ते २०१४ च्या आसपास घेतलेले असेम्बल्ड पीसी अजून बऱ्याच घरांत आहेत. उघडून पाहिलं तर आत साधारण एकच संच असतो: एच-६१ चा मदरबोर्ड, आय-थ्री किंवा पेंटियम, चार जीबी डीडीआर-३ रॅम. त्यावर आता जीटीए फाइव्ह किंवा व्हॅलोरंट खेळायचं असतं.

आधी दोष कुणाचा ते ठरवावं. पीसीत ग्राफिक्स कार्डच नसेल, तर पहिला खर्च त्यावर. कार्ड असेल, तर गेम चालू करून रिझोल्यूशन एकदम खाली आणावं. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर दमलाय. ही तपासणी फुकट आहे आणि दुकानात जाण्याआधी करायची आहे.

मग कॅबिनेटची बाजू उघडून बोर्डावर छापलेलं नाव वाचायचं. प्रोसेसर कोणता बसेल हे बोर्डावरचं सॉकेट ठरवतं. एच-६१ किंवा बी-७५ असेल तर सॉकेट ११५५, म्हणजे इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी. या घरातला शेवटचा चांगला पाहुणा म्हणजे आय-फाइव्ह ३४७० किंवा आय-सेव्हन ३७७०. जीटीए फाइव्ह २०१५ मध्ये पीसीवर आला, तेव्हा चांगल्या अनुभवासाठी गेमच्या कंपनीने हाच ३४७० सुचवला होता. ३७७० ची वीज ७७ वॉट, म्हणजे जुना एसएमपीएस धड असेल तर बदलावा लागत नाही. जोडीला आठ-आठ जीबीच्या दोन रॅम स्टिक आणि एक एसएसडी. एच-६१ वर एसएसडी पूर्ण वेगाने पळत नाही, पण हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक लगेच कळतो.

यातली एक पायरी हमखास चुकते. सुरुवातीच्या एच-६१ बोर्डांना तिसरी पिढी ओळखण्यासाठी बायोस अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करावं लागतं. अपडेट चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो. आपल्याकडची लाइट ठाऊक असलेल्याने यूपीएसशिवाय या कामाला हात घालू नये.

या वाटेची हद्दही आधीच कळायला हवी. या पिढ्यांना एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना कळत नाहीत, त्यामुळे त्या मागणारे नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. म्हणून जुन्या सॉकेटवर खर्च करायचा तो वापरलेला प्रोसेसर अगदी स्वस्तात मिळत असेल तरच.

माझ्या मते सर्वांत वाईट सौदा मधल्या पायरीचा असतो. सहाव्या-सातव्या पिढीचा वापरलेला संच आकर्षक वाटतो, पण अधिकृत विंडोज ११ तिथेही नाही. सॉकेटचं नाव ११५१ हेच असूनही त्या बोर्डांवर आठवी पिढी चालत नाही. इंटेलच्या जुन्या झिऑन प्रोसेसरसाठी मिळणारे स्वस्त एक्स-७९, एक्स-९९ चिनी बोर्डही मी सुचवणार नाही. बिघडले तर दाद मागायला कुणी नसतं.

बोर्डच बदलायचा, तर एएमडीचा एएम-४ संच पाहावा. २०१७ मध्ये पहिल्या रायझनबरोबर हे सॉकेट घराघरांत आलं, आणि तेव्हाच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस बदलून २०२२ चा ५८००-एक्स-थ्रीडी सुद्धा बसला. एका बोर्डाची इतकी लांब साथ गेमिंगच्या बाजारात क्वचित मिळते. बी-४५० किंवा बी-५५० बोर्डावर रायझन ५ ५६००, सहा कोअर, ६५ वॉट. बेताच्या बजेटला एवढं पुष्कळ आहे. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. कार्ड नंतर घ्यायचं असेल, तर ५६००-जी. मात्र त्याचं कॅशे निम्मं असल्याने कार्ड लावल्यावर तो ५६०० च्या मागे पडतो. इंटेलकडून आय-थ्री १२१००-एफ घेतला, तर बोर्ड डीडीआर-४ चा की डीडीआर-५ चा हे खोक्यावर वाचावं, कारण सॉकेट १७०० वर दोन्ही प्रकार मिळतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. ओळखीत कुणाकडे डीडीआर-४ च्या स्टिक पडून असतील, तर डीडीआर-४ चाच बोर्ड घ्यावा. घरची डीडीआर-३ यांपैकी कशातच बसणार नाही.

ऑफिसमधून निघालेले डेल, एचपीचे डबे घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्यांचा बोर्ड आणि एसएमपीएस बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो. पुढे बोर्ड बदलायची वेळ आली, तर कॅबिनेटही बदलावं लागतं.

खरेदीसाठी उदगीरकरांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा सिकंदराबाद सोयीचं. बिदर-विकाराबादच्या रेल्वेमार्गाने गेलं की पार्कलेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. वापरलेला माल घेताना पिना उजेडात पाहाव्यात: इंटेलच्या या पिढ्यांत त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एएम-४ मध्ये प्रोसेसरच्या पोटाला. एकही वाकलेली दिसली तर सौदा सोडावा. बोर्डाच्या प्रत्येक रॅम खाचेत स्टिक लावून दाखवायला सांगावी. नव्या मालाच्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा; खोकाबंद प्रोसेसरला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, पण ती वापरायला पुन्हा सिकंदराबाद गाठावं लागू शकतं.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून कॅबिनेटला पुढून हवा घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा असे दोन पंखे हवेतच. एएम-४ चा कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग पीसी बंद करून प्लग काढावा आणि कूलर हलकेच फिरवत उचलावा. थंड पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. बी-४५० चा जुन्या साठ्यातला बोर्ड रायझन ५००० ओळखतोच असं नाही. दुकानदाराकडून तिथेच बायोस अपडेट करून घ्यावं आणि स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव उमटल्यावरच पैसे द्यावेत.