भीतीच्या झटक्यामागचे मेंदूतील रसायन

एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास पुरत नाही, दरदरून घाम फुटतो आणि आता आपण मरणार असे वाटते. काही मिनिटांतच हे सारे शिगेला पोहोचते. ईसीजी मात्र बहुधा चांगला निघतो. असे झटके ध्यानीमनी नसताना वारंवार येऊ लागले आणि पुढच्या झटक्याची धास्ती मनात घर करून बसली, की त्या आजाराला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली.

या आजाराचे धागे रसायनांत आहेत, याचा सुगावा त्याआधीच लागला होता. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्ल्यूर या संशोधकांनी रुग्णांना शिरेतून सोडियम लॅक्टेट दिले, तेव्हा बहुतेकांना तसाच झटका आला. निरोगी माणसांत तो क्वचितच दिसला. पण जिवंत माणसाच्या मेंदूतले रसायन मोजायचे कसे?

ती वाट पेट स्कॅनने दाखवली. ठरावीक रिसेप्टरलाच, म्हणजे पेशीवरील रसायन ग्रहण करणाऱ्या रेणूलाच, चिकटणारा किरणोत्सर्गी पदार्थ अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोन्ही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. डोक्याभोवतीचे शोधक ते टिपतात. त्यावरून कोणत्या भागात किती रिसेप्टर आहेत, याचा नकाशा तयार होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत न्यूमाइस्टर, ड्रेव्हेट्स आणि सहकाऱ्यांनी औषधे न घेणारे १६ रुग्ण व १५ निरोगी व्यक्ती यांची अशी तपासणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष थक्क करणारा होता. मेंदूच्या मध्यरेषेलगतच्या सिंग्युलेट भागात आणि मेंदूला सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन पुरवणाऱ्या राफे केंद्रात सेरोटोनिनचे एका विशिष्ट प्रकारचे रिसेप्टर रुग्णांमध्ये जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी भरले. काही रुग्णांना नैराश्यही होते, पण त्यामुळे निष्कर्षात फरक पडला नाही.

दुसरे रसायन गाबा. ते चेतापेशींच्या उत्तेजनाला लगाम घालते. येल विद्यापीठातील गोडार्ड यांच्या गटाने २००१ मध्ये चुंबकीय अनुनाद स्पेक्ट्रोस्कोपीने ते मोजले. रुग्णांच्या मेंदूच्या मागील भागात गाबा सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले. त्याआधी, १९९८ मध्ये, ब्रिटनमधील मॅलिझिया यांच्या गटाला गाबाशी निगडित रिसेप्टरही रुग्णांत कमी दिसले होते.

हे अभ्यास मोजक्या व्यक्तींवरचे आहेत. रसायनातली ही घट आजाराचे कारण की परिणाम, हे त्यांवरून ठरत नाही. निदानासाठीही असे स्कॅन करत नाहीत. निदान रुग्णाची हकिगत ऐकून आणि हृदय, थायरॉइड यांचे विकार नाहीत याची खात्री करूनच होते.

तरीही या नकाशांनी एक गोष्ट पक्की केली: हा त्रास म्हणजे नाटक नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे. सेरोटोनिनवर काम करणारी औषधे आणि वर्तन-विचार उपचारपद्धती यांनी बहुतेकांना चांगला आराम पडतो. म्हणून घरात कुणाला असे झटके येत असतील, तर ‘उगाच घाबरू नकोस’ एवढे सांगून थांबू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.