चाळिशीनंतर महागडी अँटी एजिंग क्रीम : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

रात्री सगळी कामं आटोपून तुम्ही मोबाइल हातात घेता. दोन रील्स होतात आणि तिसरीत एक चकचकीत चेहरा सांगतो, ‘सुरकुत्यांना करा बाय बाय.’ ३० मिलीच्या बाटलीची किंमत २,४०० रुपये, फक्त आज १,८९९. बोट खरेदीच्या बटणापर्यंत जातं आणि थांबतं. मुलाच्या क्लासची फी भरायची आहे, सासूबाईंची औषधं आणायची आहेत. पण भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आजच आलेत आणि त्यात डोळ्यांजवळच्या रेघा तुम्ही झूम करून पाहिल्या आहेत.

अशा वेळी मनात दोनच विचार येतात. एक, ‘एवढे पैसे स्वतःवर कशाला?’ आणि दुसरा, ‘महाग आहे म्हणजे काहीतरी असेलच ना!’ हे दोन्ही विचार बाजूला ठेवा. स्वतःवर खर्च करणं यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण त्या पैशांच्या बदल्यात काय पदरात पडतं, हे समजून घ्यायलाच हवं. खरं सांगायचं तर चेहऱ्यासाठी उपयोगी ठरलेल्या गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक स्वस्त आहेत.

या वयात त्वचेत काय बदलतं?

त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. ते तरुणपणापासूनच हळूहळू कमी होत असतं, पण पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हार्मोन घटतं आणि हा वेग एकदम वाढतो. पाळी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलॅजन कमी होतं असं मानलं जातं. त्वचा कोरडी पडते, पातळ होते. कालपर्यंत चालणारा साबणही मग चेहऱ्याला ओढ देऊ लागतो.

वय आपल्या हातात नाही, पण दुसरं कारण आहे आणि ते म्हणजे ऊन. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. वय ६९, त्यातली २८ वर्षं ट्रक चालवण्यात गेलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतून येणारं ऊन रोज डाव्या गालावर पडायचं. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, खोल सुरकुत्यांची दिसत होती. माणूस एकच, वय एकच, फरक फक्त उन्हाचा. खिडकीची काच यूव्हीबी किरण अडवते, पण यूव्हीए किरण बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते. म्हणून ‘मी तर घरातच असते’ हे कारण पुरेसं नाही.

आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेचा एक फायदा आहे. सुरकुत्या उशिरा येतात. त्याऐवजी वांग, काळे डाग आणि असमान रंग आधी दिसू लागतात. म्हणजे जाहिरातीतली सुरकुत्यांची क्रीम कदाचित तुमच्या प्रश्नाचं उत्तरच नसेल.

डबीतलं आत किती जातं?

त्वचेचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवण्याचं आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाही. कोलॅजनचा रेणू जवळपास ३ लाख डाल्टनचा असतो. त्यामुळे ‘कोलॅजन क्रीम’ लावून त्वचेतलं कोलॅजन वाढेल, ही आशा सोडा. ती वरच राहते, ओलावा धरते, सकाळी धुऊन जाते.

ओलावा धरणं हे कामही लहान नाही. कोरड्या त्वचेवरच्या बारीक रेघा नुसत्या मॉइश्चरायझरनेही कमी दिसतात. ब्रिटनमध्ये एका गाजलेल्या क्रीमची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ६ महिन्यांनी खरी क्रीम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांत सुधारणा दिसली. पण तोच मलम, मुख्य घटक काढून टाकलेला, लावणाऱ्यांपैकीही २२ टक्के लोकांत सुधारणा होतीच. पहिल्या आठवड्यात जो ‘ग्लो’ दिसतो तो बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो आणि ओलावा १५० रुपयांच्या बाटलीतूनही मिळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या स्वच्छ करणं, सुंदर दिसायला मदत करणं, रूप बदलणं अशी आहे. आजारावरच्या औषधाला आपला परिणाम सिद्ध करावा लागतो, तशी कसोटी क्रीमला द्यावी लागत नाही. म्हणून डबीवर ‘सुरकुत्या कमी दिसतात’ असं लिहिलेलं असतं. ‘कमी होतात’ आणि ‘कमी दिसतात’ यातला फरक वाचायला शिका.

या ३ गोष्टींवर जरूर खर्च करा

सनस्क्रीन : फक्त एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्या. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर अभ्यास झाला. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वय वाढल्याची मोजण्याइतकी खूण दिसली नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि पीएपुढे तीन-चार अधिकची चिन्हं असलेलं कोणतंही चांगलं सनस्क्रीन चालेल. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर पूर्ण लांबीची रेघ ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत छटेचं सनस्क्रीन निवडा, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो.

रेटिनॉइड : सुरकुत्यांवर सर्वात जास्त पुरावा असलेला घटक म्हणजे ट्रेटिनॉइन. १९८० च्या दशकापासून त्याचा अभ्यास सुरू आहे. हे औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. गंमत म्हणजे त्याची ट्यूब अनेक ‘लक्झरी’ सीरमपेक्षा कितीतरी स्वस्त असते. विनाचिठ्ठी मिळणारं रेटिनॉल हा त्याचा सौम्य भाऊ. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात सरासरी ८७ वर्षं वयाच्या ३६ जणांच्या एका दंडाला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन आणि दुसऱ्या दंडाला साधं लोशन लावलं, तेही आठवड्यातून जास्तीत जास्त ३ वेळा. २४ आठवड्यांनी रेटिनॉलच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या होत्या. म्हणजे उशीर झाला असं काही नसतं. मात्र २४ आठवडे, ७ दिवस नव्हेत!

सुरुवात आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढ्या थेंबाने करा. घाई केलीत तर त्वचा लाल होते, सोलते आणि आपल्या त्वचेवर अशा जळजळीचे काळे डाग मागे राहतात. गरोदरपणात किंवा मूल हवं असेल तर रेटिनॉइड लावू नका. चाळिशीतही हे लागू आहे.

साधं मॉइश्चरायझर : ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं, बिनवासाचं. मुंबई, चेन्नई, पणजीच्या दमट हवेत हलकं जेल किंवा लोशन पुरतं. दिल्ली, इंदूर, नागपूरच्या थंडीत घट्ट क्रीम लागते. खूपच कोरडेपणा असेल तर रात्री वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

याच्यापुढे खिशात जागा असेल तर नियासिनामाइड डागांसाठी बरं. व्हिटॅमिन सी सीरमही उपयोगी आहे, पण ते नाजूक असतं. उजेड, हवा आणि उन्हाळा लागला की तपकिरी पडतं आणि कामातून जातं. घ्यायचंच तर लहान, गडद रंगाची बाटली घ्या आणि लवकर संपवा.

इथे हात आखडता घ्या

आय क्रीम म्हणजे बहुतेक वेळा लहान डबीतलं मॉइश्चरायझर. १५ ग्रॅमची किंमत आणि ५० ग्रॅमची किंमत भागून पाहा, डोळे उघडतील. डोळ्यांखालची काळी वर्तुळं अनेकदा आनुवंशिक असतात किंवा तिथे खळगा पडल्याने सावली दिसते. त्यावर क्रीमचा फारसा इलाज नाही.

सोन्याचा वर्ख, मोत्यांची भस्मं, परदेशी फुलांचा अर्क ही नावं ऐकायला छान वाटतात. पण डबी उलटी करून घटकांची यादी वाचा. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ज्याच्या नावावर क्रीम विकली जाते तो घटक सुगंधाच्याही खाली, अगदी तळाशी असेल तर किंमत नावाची आहे, हे ओळखा. नाकापेक्षा मोती जड तो हाच.

आणि घरचे उपाय? बेसन-हळदीने चेहरा स्वच्छ होतो, खोबरेल तेलाने कोरडेपणा कमी होतो. पण सुरकुत्या त्याने भरत नाहीत. चेहऱ्यावर लिंबू मात्र चोळू नका. त्याने जळजळ होते आणि उन्हात गेल्यावर डाग उमटू शकतात.

जरा हिशेब मांडूया

समजा सीरम २,४००, नाइट क्रीम १,८०० आणि आय क्रीम १,५०० रुपयांची आहे. एकूण ५,७०० रुपये. हे सगळं २ महिने पुरलं तर वर्षाला ३४,२०० रुपये होतात. आता दुसरी बाजू. ५०० रुपयांचं सनस्क्रीन नीट लावलं तर साधारण महिन्याभरात संपतं. म्हणजे वर्षाचे ६,०००. मॉइश्चरायझर आणि रेटिनॉइडसाठी आणखी ३,००० धरले, डॉक्टरांच्या दोन भेटींचे २,००० धरले, तरी ११,००० रुपयांत भागतं.

यातून एक सोपा नियम निघतो. जी क्रीम पुरवून पुरवून लावावी लागते, ती तुमच्यासाठी महाग आहे. २,००० रुपयांचं सनस्क्रीन मोहरीएवढं लावणारीपेक्षा ४०० रुपयांचं दोन बोटं भरून लावणारीची त्वचा जास्त सुरक्षित राहते. त्वचेला किंमत कळत नाही, प्रमाण आणि सातत्य कळतं.

स्वस्तातली खरी महाग क्रीम

एक क्रीम मात्र १०० रुपयांना मिळाली तरी परवडत नाही. ओळखीच्या दुकानदाराने किंवा पार्लरवाल्या ताईंनी दिलेली, ८ दिवसांत चेहरा उजळवणारी. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. नावात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. सुरुवातीला चेहरा खरंच छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ आणि केस येतात आणि क्रीम थांबवली की सगळं उसळतं. २०१८ मध्ये सरकारने अशा १४ स्टेरॉइडची विनाचिठ्ठी विक्री बंद केली, तरी ती सर्रास हातोहात मिळतात.

दुसरा धोका पाऱ्याचा. सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे. तरी २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली आणि कारण निघालं त्या वापरत असलेली पारायुक्त क्रीम. केरळमध्येही अशी प्रकरणं समोर आली. म्हणून डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांची यादी नसेल तर ती डबी परत करा, देणारी व्यक्ती कितीही जवळची असो.

क्रीम नको, तपासणी हवी

काही वेळा त्वचा वय सांगत नसते, आजार सांगत असते. मान आणि काखेची त्वचा काळी, जाड, मखमली होत असेल तर घासू नका. रक्तातली साखर तपासा, तो इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असू शकतो. अचानक त्वचा कोरडी पडली, केस गळू लागले, थकवा येतोय, तर थायरॉइडची चाचणी करा. तिळाचा आकार किंवा रंग बदलला तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. महागड्या क्रीममुळे अशा वेळी पैशांसोबत महिनेही वाया जातात. आणि घरात कोणी तंबाखू किंवा सिगारेट ओढत असेल, तर धुराने पडणाऱ्या सुरकुत्यांना कोणतंही सीरम पुरं पडत नाही.

नवीन काही आणलंत तर

एका वेळी एकच वस्तू सुरू करा. आधी ३-४ दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहा. पहिल्या दिवशी खिडकीजवळ, मेकअपशिवाय एक फोटो काढा आणि ३ महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी दुसरा. फरक दिसला नाही तर दुसरी बाटली घेऊ नका.

आणि तरीही ती सुंदर काचेची डबी मनात भरलीच असेल तर? वाढदिवसाला घ्या की! चांगलं अत्तर घेतो, रेशमी साडी घेतो, तसा तोही एक शौक. फक्त त्याला औषध समजू नका आणि त्यासाठी सनस्क्रीनचे पैसे कापू नका. उद्या सकाळी दूधवाला यायच्या आधी दोन बोटं भरून सनस्क्रीन लावा. सुरुवात तिथून होते.